आजीचा उपास

राळेगावहून यवतमाळला निघालेल्या एसटीत कंडक्टर दीपमाला तिकिटं फाडून आपल्या सीटवर बसली. मागच्या सीटवर बाप आणि बारावी झालेली लेक बोलत होते.

"परभणीले जाऊन ढोरांचीच डाक्टर कायले व्हा लागते तुले, नयन?"

"मले तेच जमते, बाबा."

"ढोराले बोलता येते का? त्याचं दुखते कुठं, कसं समजन?"

"ते खाणं सोडते ना. तांबड्या गाईनं कुटार सोडलं, तर तुम्ही त्याच दिशी डाक्टर आणला."

"हाव. मंग?"

"आजीनं जेवण सोडलं, तवा आपण समजलो, उपास करून राह्यली. ती जाईपर्यंत तेच समजत राह्यलो."

कळंब मागे पडलं. मग बाप पुढे वाकला.

"बाई, यवतमाळहून परभणीची गाडी किती वाजता हाय?"