रस्त्याचा पेढा

(कोल्हापूर, राजारामपुरी. भांड्यांच्या दुकानामागची राहती खोली. बाहेर रस्ता उकरून ठेवलेला. आत संगमेश, त्याची आई रत्नव्वा आणि बायको दानेश्वरी.)

संगमेश : घे की अव्वा. पेढा हाय.

रत्नव्वा : कशाचा रं?

संगमेश : रस्त्याचा. आज वॉर्डाची मिटिंग झाली. नकाशा फायनल. उदयसिंह, आपलं नगरसेवक, त्यांनी सोत्ता एकेकाला पेढा भरवला. आता हे खड्डं, ही धूळ, समदं संपलं म्हण.

रत्नव्वा : म्हंजे फुटपाथ होतोय. माझ्या लेकानं काम केलं बघ, दानव्वा.

दानेश्वरी : हूं.

रत्नव्वा : सहा फुटी न्हवं रं? माझ्या ऑपरेशनाच्या आदी ती इंजिनेर पोरगी आलती की, अनुजा. दारात टेप धरून दाखवलं तिनं. म्हणाली, आजी, तुम्ही नि तुमची मैत्रीण झुंबरबाई, दोघी जोडीनं चाला.

संगमेश : ते तवाचं. नकाशा काय, बदलतोय. फुटपाथ हाय की, धरलाय त्यात.

दानेश्वरी : अडीच फूट धरलाय, आत्याबाई. आणि विजेचे खांब त्यातच.

संगमेश : तुला कुणी सांगितलं?

दानेश्वरी : सांगायला कशाला पाहिजे कुणी? मी होते तिथं. शेवटच्या रांगेत. तुमच्या पुढं दोन मिनिटं घरात शिरले.

संगमेश : तू? आणि दुकानात कोण हुतं?

दानेश्वरी : शटर ओढलं. आत्याबाई म्हणाल्या, हा घरात काही सांगत नाही, तूच जाऊन ऐकून ये.

संगमेश : मग बघितलंस न्हवं काय गोंधळ हुता ते.

दानेश्वरी : गोंधळ असता तर बरं वाटलं असतं हो. सगळे एका सुरात. उदयसिंह उभे राहिले आणि म्हणाले, गणपतीच्या मिरवणुकीत आपल्या मंडळाची ट्रॉली साउंडच्या भिंतीसकट कोपऱ्यावर वळली पाहिजे, तेवढा फुटपाथ कापा. झालं. अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. ट्रॉली किती रुंद ते सगळ्यांना तोंडपाठ. माणसाला किती जागा लागते, ते एकानं विचारलं नाही. किळस आली मला.

संगमेश : मंडळ काय परक्याचं हाय? वर्षातनं एकदा तर निघतीया मिरवणूक.

दानेश्वरी : तेच म्हणते मी. वर्षातनं एकदा.

संगमेश : आणि धंद्याचं काय? फुटपाथ सहा फुटी केल्यावर गाड्या लावायच्या कुठं, माझ्या डोस्क्यावर? गिऱ्हाईक गाडीवर बसूनच कढई बघतंय. जागा दिसली न्हाय की सरळ शाहूपुरीत जातंय ते.

दानेश्वरी : आणि आपले हंडे-पातेली बाहेर मांडलेली असतात, ती?

संगमेश : समदीच मांडत्यात. मी एकट्यानं आत घेऊन काय देव्हाऱ्यात बसवू?

रत्नव्वा : दानव्वा, अडीच फुटात माझा वॉकर बसतोय का गं?

दानेश्वरी : खांब येईपर्यंत बसतो. तिथं खाली रस्त्यावर उतरायचं, गाड्यांच्या मधनं जायचं आणि परत वर चढायचं.

रत्नव्वा : ते कुठलं जमतंय मला.

संगमेश : मी सोडतो की गाडीवरनं.

दानेश्वरी : खुब्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. गाडीवर पाय टाकता येतो का?

संगमेश : मग रिक्षा करू.

रत्नव्वा : झुंबरबाईचं घर कोपऱ्यावर हाय रं. तेवढ्याला रिक्षा? डॉक्टर म्हणालाय, रोज चाललीस तर चालशील, न्हायतर खाटंवर पडशील. मी तिला सांगून बसलोय, तुझं गुडघं दुखत्यात, तू येऊ नको. रस्ता झाला की मीच येतो.

संगमेश : मला एकट्याला काय म्हणताय? समद्या गल्लीनं ठरवलंय.

दानेश्वरी : नाही. एक गोष्ट तुम्ही एकट्यानं ठरवलीत.

संगमेश : दानेश्वरी, पुरं.

दानेश्वरी : अनुजा मॅडम शेवटपर्यंत एकट्या भांडत होत्या, आत्याबाई. शेवटी म्हणाल्या, या गल्लीत काठी घेऊन, वॉकर घेऊन चालणारं कुणी आहे का? एक जरी माणूस असला तरी सांगा, मी हा नकाशा वर जाऊ देत नाही.

रत्नव्वा : मग? कोण बोललं?

संगमेश : समदी माझ्याकडं बघायला लागली, अव्वा. उदयसिंह पण. उद्या म्हणाली असती, ह्याच्या एका घरापायी गल्लीचं काम अडलं. त्या गडबडीत तोंडातनं निघून गेलं.

रत्नव्वा : काय निघालं?

संगमेश : काय न्हाय.

रत्नव्वा : सांग की. पोटच्या पोराचं बोलणं मला ऐकू दे.

संगमेश : म्हणालो, आमच्या गल्लीत तसलं कोण न्हाय.

रत्नव्वा : तसलं.

दानेश्वरी : मॅडमनी लगेच लिहून घेतलं. मी अर्धी उठले होते. सगळ्यांच्यात नवऱ्याला खोटं कसं पाडायचं म्हणून परत खाली बसले. स्वतःचीच शिसारी आली मला.

संगमेश : अव्वा, तुला वाईट वाटावं म्हणून न्हाय म्हणालो मी. पेढा तरी खा की.

दानेश्वरी : उद्या सकाळी मी आत्याबाईंना घेऊन ऑफिसात जाते. वॉकरसकट मॅडमच्या टेबलासमोर उभं करते. बघू दे त्यांना गल्लीत कोण आहे आणि कोण नाही.

रत्नव्वा : नको बाई.

दानेश्वरी : का नको? अजून वेळ आहे, आत्याबाई.

रत्नव्वा : नको म्हणतो न्हवं. तो वॉकर तेवढा माळ्यावर टाक.

संगमेश : माळ्यावर? मग तू चालणार कशी?

रत्नव्वा : चार माणसांत पेढा खाऊन आलायस, लेका. मला दारात कुणी बघितलं तर खोटा पडशील.