दक्षिणेचं दार

हॅलो?… हां पुष्कर, बोल. कपडे वाळत घालतेय, घरातच, दुसरं कुठे… काय? कौन्सिलचा माणूस आला होता?… मग? चहा पाजलास ना?… ओरडू नकोस रे, ऐकतेय मी.

थांब, थांब. पुढचं दार विटांनी बुजवलंस? आणि पूर्वेची भिंत फोडलीस?… चारशे वर्षांची भिंत, पुष्कर! घर घेतानाच वकिलाने बजावलं होतं ना, संरक्षित इमारत आहे, कायद्याने हात लावता येत नाही म्हणून?… हो, माहितीये तुझंच घर आहे. पण ते केंटमध्ये आहे, कोथरूडमध्ये नाही!

गुन्हा?… म्हणजे कोर्टात जावं लागेल?… अरे देवा.

हो, आई म्हणाली होती, दक्षिणेच्या दारातून पाऊल टाकणार नाही. म्हणून तू लगेच पहार घेऊन… मला एक फोन नाही करायचास?… नाही, रागावले नाहीये… रागावलेच आहे! शनिवारी तिचं तुझ्याकडे यायचं विमान, बॅग भर म्हणून चार दिवस कानीकपाळी ओरडतेय, ती ढिम्म… काय? इथेच ठेवून घेऊ? व्हिसा संपतोय रे तिचा! इमिग्रेशन काय आपल्या मामाचं आहे?

आमचं दार?… मला काय माहीत! कंपनीने दिलेला जपानी फ्लॅट, इथे तोयोसुत दिशा कोण बघत बसतं… बाल्कनी? उत्तरेला. म्हणून तर मेले कपडे वाळत नाहीत… दार बरोब्बर बाल्कनीच्या समोर, म्हणजे…

अगं बाई.

नाही रे, एका शब्दाने बोलली नाही. रोज त्याच दारातून ये-जा करते. कचरा टाकायला, कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातून दूध आणायला… थांब, तिलाच विचारते. स्पीकरवर टाकते.

आई! आपलं दार दक्षिणेला आहे, माहितीये तुला?… पहिल्या दिवसापासून?… मग पुष्करला तसं का सांगितलंस?… सरळ नाही म्हणवेना?… म्हणजे तुला जायचंच नाहीये त्याच्याकडे?… हो, मागच्या खेपेला लंडनमध्ये दिवसभर एकटी होतीस… घरी आला की लॅपटॉप उघडून बसायचा, हो… जेवताना एक शब्द… आई, पुरे. आई, तो ऐकतोय गं.

पुष्कर?… अरे, तिला तसं म्हणायचं नव्हतं… पुष्कर, ऐक ना… हॅलो?

ठेवला.