दाराला मूठ नसलेली मस्टँग

आणि बसायचं म्हणजे काय, तुम्हाला सांगते, त्या गाडीत कुणी बसत नाही, त्या गाडीत माणूस उतरतो! विहिरीत उतरावं तसा! आधी बूड टाकायचं, मग देवाचं नाव घ्यायचं, मग एकेक पाय हाताने उचलून आत ओढायचा, आणि हे सगळं होईस्तोवर आमचा डेल्मर स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसलेला, "अर्लीन, झालं का गं? की जेवणाचा डबा आणू तुला?" सत्तावन्न वर्षं हेच! माझा उजवा खुबा झिजला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कशाने झालं हे? मी म्हटलं, मस्टँगने. मस्टँग म्हणजे रानघोडा, गाडीचं नाव त्यावरूनच, तर त्या बिचाऱ्याला वाटलं मी घोड्यावरून पडले. लिहूनसुद्धा घेतलं त्याने!

आता डेल्मरचं कसं, तर चौसष्ट सालच्या वसंतात केंटकीच्या डोंगरातून एक पेटी घेऊन हा डिअरबॉर्नला आला आणि मस्टँगच्या कारखान्यात चिकटला. काम काय? डावी दारं बसवायची. उजवी नाही हं! उजवी दुसरा कुणीतरी बसवायचा, त्याच्याशी ह्याचं चाळीस वर्षं पटलं नाही. दार बिजागऱ्यांवर चढवायचं, लावायचं, आणि मग फटीवरून अंगठ्याचं नख फिरवायचं. नख वरपासून खालपर्यंत न अडकता गेलं की दार पास. त्या वर्षी ती गाडी नवीकोरी बाजारात आली होती, आणि लोक वेडे झाले होते, खरंच वेडे! मी मिशिगन अॅव्हेन्यूवरच्या खानावळीत बशा उचलत होते. हा पासष्ट साली स्वतः बसवलेल्या दाराची, निळी, लांब नाकाची मस्टँग घेऊन आला, आणि मला म्हणाला, "चक्कर मारू या?" वीस वर्षांची पोर मी, मला काय कळतं! गेले. ती चक्कर अजून चालूच आहे.

मग ती गाडी वाढायला लागली. दर दोन वर्षांनी जरा रुंद, जरा लांब, नवऱ्यासारखी. एकाहत्तर साली आली ती तर काय सांगू, पुढचं नाक एवढं लांब की ती घरी पोचली तरी मी अजून रस्त्यातच! मागे वळून बघावं तर काचेतून आभाळ दिसायचं, बाकी काही नाही. पहिली निळी विकून ह्याने ती घेतली. मी म्हटलं, डेल्मर, ही ती गाडी नाही रे. तर म्हणतो, "नाव बघ, नाकावरचा घोडा बघ. गाडी तीच!"

बरं. त्र्याहत्तरला क्लेटन झाला, आणि लगेच पेट्रोलचा दुष्काळ. पंपावर रांगा, अर्धा-अर्धा तास. मग कंपनीने काय केलं, मस्टँग धुऊन आटवली! लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घातला की होतो ना, तशी! एवढुशी! पाळण्याची घडी आत जाईना, पाळणा गेला तर पोर बाहेर! आणि मोठं इंजिन त्या पहिल्या वर्षी मिळतच नव्हतं. चढावर डेल्मर पुढे झुकून बसायचा, जणू त्याच्या वजनाने चढणार आहे. मी विचारलं, आता? आता काय म्हणणं आहे? दात-ओठ खात म्हणाला, "गाडी तीच!"

मग चौकोनी आली, बुटाच्या खोक्यासारखी. ती पुष्कळ वर्षं चालली. आणि त्या सुमाराला एक दिवस हा कामावरून घरी आला तो जेवेना. म्हटलं, काय झालं? तर कारखान्यात बोलणं होतं म्हणे, की नवीन मस्टँगला पुढची चाकं ओढणार, मागची नाही. अहो, मला वाटलं कुणी गेलं की काय! ओढू देत की पुढची! मागची असोत, पुढची असोत, मला काय, पोचल्याशी कारण! "अर्लीन, घोडा मागच्या पायांनी जोर लावतो. कागद घे." कागद घेतला. हा बोलणार, मी लिहिणार, कारण ह्याचं अक्षर ह्यालाच लागत नाही. सात पानं! कंपनीला पत्र! शेवटी लिहायला लावलं, 'ही गाडी तुमची नाही, आमची आहे.' देशभरातून अशी पत्रं गेली म्हणतात, आणि कंपनीने मस्टँग होती तशी ठेवली, ती पुढच्या चाकांची गाडी दुसऱ्या नावाने काढली. डेल्मर आजही सांगतो की त्याच्या सातव्या पानाने काम केलं. सांगू दे. लिहिलं मी होतं.

दोन हजार चारला तो कारखाना बंद झाला. मस्टँग दुसरीकडे करायला लागले. शेवटच्या दिवशी हा घरी आला, हात धुतले, आणि ओट्यापाशी नुसता उभा राहिला. मग स्वयंपाकघराच्या कपाटाच्या दाराच्या फटीवरून नख फिरवत बसला.   चाळीस वर्षांची डावी दारं, लाखांनी असतील, ती देशभर कुठे कुठे फिरतायत, गंजतायत, भंगारात पडलीयत, आणि एकावरही ह्याचं नाव नाही.

सहा महिन्यांनी ओहायोतून एक पासष्टची निळी शोधून आणली. ओक्साबोक्शी रडला तिला मिठी मारून. मी म्हटलं, अरे, ही आपली नाही, ही कुणा दंतवैद्याची आहे, आत अजून दातांच्या औषधाचा वास येतोय! तर नाक पुसत म्हणतो, "गाडी तीच!"

म्हणजे बघा, फुगली तरी तीच, आटली तरी तीच, दंतवैद्याची असली तरी तीच. आता पुढचं ऐका.

आमचा क्लेटन शिकला, त्याच कंपनीत इंजिनीयर झाला. बापासारखाच, दारांतच. आणि मग आली ती विजेवरची. चार दारं, उंच, आवाज शून्य, पुढे घोडा. क्लेटनने तिच्या दारांवर तीन वर्षं घातली. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती घेऊन आला, नवीकोरी, दारात उभी केली, आणि हा एवढा अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या शाळेतल्या पोरासारखा बापाच्या तोंडाकडे बघत उभा! मला खिडकीतून दिसत होतं. डेल्मरने एक फेरी मारली. दुसरी मारली. म्हणाला, "मूठ कुठाय?"

"मूठ नाहीये बाबा. बटण आहे."

"मूठ नाही त्याला दार म्हणत नाहीत. त्याला भिंत म्हणतात."

क्लेटन हसला. तिथे थांबायचं की नाही? पण नाही. जेवायला बसलो, टर्की कापली, आणि डेल्मर सुरू! "फ्रीजवर घोड्याचं चित्र चिकटवलं म्हणून फ्रीज धावत नाही." मी टेबलाखालून पाय मारला, तो सुनेला लागला. क्लेटन म्हणाला, "बाबा, लहान झाली तेव्हा तुम्हाला चालली. चौकोनी झाली तेव्हा चालली. मी केली तेव्हाच ती मस्टँग नाही?"

"तू नाव विकलंस," डेल्मर म्हणाला. "आमच्या हातात तेवढंच उरलं होतं."

क्लेटनने काटा खाली ठेवला. म्हणाला, "तुमचं सगळं गेलं ते मी नेलं नाही, बाबा." खुर्ची सारली, बायकोला घेतलं आणि गेला. भोपळ्याची गोड पाई तशीच, कापलेलीसुद्धा नाही.

दहा महिने! तुम्हाला सांगते, दहा महिने बापलेक बोलले नाहीत. फोन आला की डेल्मर म्हणणार, "तुझ्या मुलाचा आहे." माझा मुलगा! जणू मी माहेरून आणला होता! वाढदिवस गेले, नाताळ गेला, ईस्टर गेला. रात्री ह्याच्या तोंडावर काही दिसत नाही, पण मला माहीत आहे ना, गाडी पुसता पुसता हा डाव्या दारापाशी येऊन थांबतो. मी क्लेटनला म्हणायचे, तू लहान आहेस, तू वाक. तो म्हणायचा, "आई, ह्या वेळी नाही." एकाच साच्यातली दोन डोकी, ह्याला वाकवू की त्याला!

आणि सप्टेंबरात माझा खुबा बदलला. नवा घातला, धातूचा. तीन दिवसांनी सोडणार म्हणून डेल्मर मला न्यायला आला. कसा? ती निळी घासूनपुसून, फुलं घेऊन, डोक्याला पाणी लावून! चाकाच्या खुर्चीत बसवून मला दारापर्यंत आणलं त्या नर्सने, यूनीस तिचं नाव, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहणारी बाई. तिने गाडी बघितली. मग मला बघितलं. मग परत गाडी.

"आजोबा, ही गाडी आहे की न्हाणीचा टब?"

"पासष्टची मस्टँग आहे ती, पोरी!"

"असू दे ना. बसायची जागा गुडघ्याच्या वर पाहिजे. सहा आठवडे ह्यांनी गुडघ्याखाली बसायचं नाही. नवा सांधा निखळला तर ह्यांना तुम्ही उचलणार की घोडा?"

डेल्मर म्हणाला, उशा घालू. यूनीस म्हणाली, किती, नऊ? डोकं छपराबाहेर काढू का ह्यांचं? डेल्मर म्हणाला, सत्तावन्न वर्षं बसतेय ती! यूनीस म्हणाली, म्हणूनच तर इथे आल्यात!

मला एवढं हसू आलं, आणि हसलं की टाके दुखतात, म्हणून रडू आलं, आणि तेवढ्यात मी पर्समधला फोन काढला. डेल्मरने बघितलं. कुणाला करतेय ते त्याला कळलं.  फुलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

वीस मिनिटांत क्लेटन आला. ती गाडी आली कधी कळलंच नाही, आवाज नाही ना! क्लेटनने मला उचलूनबिचलून नाही, नुसतं मागे सरकवत पुढच्या सीटवर बसवलं. खुर्चीत बसावं तसं! मी सासरी आल्यापासून पहिल्यांदा घोड्यात माणसासारखी बसले!

आणि डेल्मर? निळी तिथेच लावून ठेवली, आणि तो बाहेर. मागच्या दारापाशी. ज्याने चाळीस वर्षं दारं बसवली तो माणूस दाराशी उभा, आणि त्याला ते उघडेना! हात फिरवतोय. वर, खाली, काचेच्या कडेला. यूनीस बघतेय, मागे दोन गाड्या थांबल्यात. कान लाल झाले त्याचे. मला वाटलं, आता क्लेटन हसेल, आणि मग संपलंच सगळं.

नाही हसला. फिरून तिकडे गेला, बापाचा अंगठा धरला आणि बटणावर ठेवला. तोच अंगठा. दार अल्लाद बाहेर आलं. डेल्मर आत बसला नाही. त्याने दार लावलं. उघडलं. लावलं. मागचा माणूस भोंगा वाजवायला लागला. परत उघडलं, लावलं, आणि कान दिला. मग वाकला, आणि फटीवरून नख फिरवलं. वरपासून खालपर्यंत. सावकाश.

"ही फट कुणी ठेवली?"

"मी," क्लेटन म्हणाला.

"खाली जरा जास्त आहे."

"उन्हात पत्रा फुगतो बाबा. म्हणून ठेवली."

डेल्मर उभा राहिला. "आम्ही पण ठेवायचो," म्हणाला. "सांगायचो नाही कुणाला."

आणि आत बसला. पाय पसरून! मस्टँगच्या मागच्या सीटवर पाय पसरलेला माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. क्लेटनने गाडी काढली. आणि मग ती शांतता. आमच्या घरात, तुम्हाला सांगते, इंजिनाच्या आवाजात कधी कुणाला काही बोलावंच लागलं नव्हतं. दोघं गप्प बसले तरी वाटायचं, आवाज आहे म्हणून गप्प आहेत. आता आवाजच नाही. लपायचं कुठे? मिशिगन अॅव्हेन्यूचे तीन सिग्नल गेले. मला धीर धरवेना. मी म्हटलं, "डेल्मर, माझा खुबा काढून फेकला त्यांनी. धातूचा घातला. मग मी अर्लीन आहे की नाही? ते एकदा सांगून टाक."

मागून डेल्मर खाकरला. मग म्हणाला, "तुझा आवाज मात्र कमी झाला नाही."

क्लेटन फुटला हसून! डेल्मरही! आणि हसता हसता डेल्मर म्हणाला, "पोरा, तुझं दार मी बघायला हवं होतं. त्याच दिवशी." क्लेटनने आरशात बघितलं. "हो, बाबा. बघायला हवं होतं." एवढंच. माफी नाही, गळामिठी नाही. त्या गाडीला मस्टँग म्हटलं का डेल्मरने? छे! अजूनही 'क्लेटनची गाडी' म्हणतो. पण तुम्हाला सांगते, 'तुझा मुलगा' म्हणणं मात्र बंद झालं.

आता तुम्ही म्हणाल, बरं झालं की! झालंच! दर शनिवारी क्लेटन येतो. दोघं कॉफी पितात आणि दारांवर बोलतात. फक्त दारांवर! गेल्या महिन्यात दोघांच्या एकदम लक्षात आलं की आमच्या न्हाणीघराच्या दाराची फट वाकडी आहे. बापाने नख फिरवलं, लेकाने नख फिरवलं, दोघांचंही अडकलं. झालं! दार उतरवलं. गराजात नेलं. बाप म्हणतो बिजागरी बदलू, लेक म्हणतो चौकटच चुकलीय, आणि चार शनिवार झाले, दोघं आनंदाने भांडतायत, आणि न्हाणीघराला दार नाही! आता मी काठी टेकत आत जाते आणि कुणी येऊ नये म्हणून मोठ्यांदा भजन म्हणत बसते. काल शेजारची व्हेल्डा म्हणाली, "अर्लीन, खुबा बदलल्यापासून तुझी देवभक्ती फार वाढली गं!"

मी म्हटलं, हो ना बाई... दिवसातून सहा वेळा!