कारभाऱ्याच्या कानाची खूण

न्हाई दादा, ते कुत्रं आमचं न्हाई — किती डाव सांगू? तुमी जवळा बाजारापासून एवढं मोटारसायकलवर आणलं, पोत्यात घालून, डोकं तेवढं बाहेर ठेवून, म्हणजे तकलीफ झालीच तुमाला, मी कुठं न्हाई म्हणते — बसा, त्या बाजेवर बसा, चहा ठेवलाय — पण आणलं म्हणून ते आमचं झालं असं थोडंच हाय? आमचं कुत्रं मेंढरामागं हाय. तिकडं, नदीच्या अंगाला. आमच्या दिपालीचा बाप गेलाय ना मेंढरं घेऊन, त्याच्यासंगं. आन् जरा हळू बोला. मधी म्हातारं माणूस पडलेलं हाय. ज्ञानबाचं घर कुठलं, ज्ञानबाचं घर कुठलं, असं इचारत तुमी सगळ्या कुरुंद्यात फिरलात म्हणं — ते माझे सासरे. मामा म्हणते मी त्यांना. लकवा मारलाय, उजवी बाजू गेली, डोळ्यावरबी पडदा आला, दिसत न्हाई काही. तवा भेटायचं-बिटायचं जमणार न्हाई. कान मातर चांगले हायेत. कानाला काय झालं न्हाई बघा त्यांच्या.

खूण? व्हय, बघितली मी खूण. डाव्या कानाला काप हायेत, कडंला, करवतीसारखे. असतील. कुणीबी मारले असतील. तुमीबी मेंढरंवाले, तुमाला मी काय शिकवावं — बराबर हाय, एकाची खूण दुसरा मारत न्हाई, दोन कळप मिसळले तर निवडायचे कसे मंग — पण ती मेंढराची गोष्ट झाली. कुत्र्याच्या कानाला कोण खूण करतंय? मामा करायचे, ते खरं हाय. सगळ्या गावाला हसू यायचं. म्हणायचे, हेबी माझ्या कळपातलंच हाय. पण म्हणून — हाड. ए, हाड. साडी सोड माझी. बघा दादा, धरा तुमचं कुत्रं, पायात येऊन राहिलं — हाड म्हणते ना — कारभारी, बस तिथं!

बसलं.

असं काय बघता? निघालं तोंडातून. कारभारी काय कुणाच्या कुत्र्याचं नाव असत न्हाई का — बरं, नसंल असत. मामानंच ठेवलं ते नाव. म्हणायचे, घरचा कारभार मी बघतो आन् मेंढरांचा हा बघतो. बरं, हाय आमचं. झालं समाधान? घ्या, चहा घ्या. बिनसाखरेचा तर पीत न्हाई ना तुमी? आजकाल इचारावं लागतं.

आता आलात तर ऐकून जा, न्हाईतर जवळ्याला जाऊन सांगाल, ज्ञानबाची सून कसाई हाय म्हणून. मेंढरं नाहीत. इकली. मामा हिंगोलीला दवाखान्यात पडले होते तवाच इकली, समदी, कोकरासगट. काहून म्हणजे? कोण जाणार हो मेंढरामागं आता? दिपालीचा बाप म्हणला, माझी उमर रानात गेली, आता मला गाडीवर बसायचं हाय. छोटा टेम्पो घेतला त्यानं, हळदीची पोती वसमतला नेतो-आणतो. आन् पोरीचं बघा की. दिपालीला बघायला आले की पयलं तेच इचारतात, मेंढरामागं कोण जातंय? पोरीनं सासरीबी कळपामागंच जायचं का? मंग इकली. मामाला इचारलं असतं तर त्यांनी इकू दिली असती का? तोंड वाकडं झालेलं, लाळ गळून राहिली, त्यातबी इचारायचे, मेंढराला पाणी पाजलं का. स्वतःच्या तोंडात पाणी घालाया माणूस लागत होतं.

हे कारभारी मातर येडं. मेंढरं गाडीत भरली त्या दिवशी गाडीमागं पळत गेलं, पार फाट्यापर्यंत, त्याच्याहीपुढं. आलं तवा पायाचं कातडं निघालेलं. मी हळद लावली त्याला. व्हय, मीच लावली, तुमी म्हणाल हिला काळीज न्हाई. भाकरबी मीच टाकत होते रोज. बघता न्हवं, माझ्याकडंच बघून शेपटी हालवून राहिलंय. तुमी एवढं आणलं ते तुमाला इचारीत न्हाई.

मंग मामा घरी आले. डोळ्यानं दिसत न्हाई म्हणून आमी सांगितलं, मेंढरं प्रभूसंगं रानात हायेत — प्रभू म्हणजे दिपालीचा बाप, आता नाव घ्यावं लागलं — आन् त्यांना पटलं. टेम्पोचा आवाज आला तर सांगायचं, शेजाऱ्याचा हाय. समदं बराबर चाललं होतं. पण हे — हे बसून राहायचं बाजेखाली. दिवसभर. मामाचा एक हात चालतो, तो खाली सोडायचे, कान चाचपायचे, ते काप मोजल्यासारखं बोट फिरवायचे, आन् मंग सुरू. कारभारी घरी, मंग मेंढरामागं कोण? कारभारी घरी काहून? सकाळी तेच, दुपारी तेच. सांगितलं, पाय दुखतोय त्याचा. सांगितलं, म्हातारं झालं. तर म्हणायचे, कारभारी मेलं तर मेंढरामागं मरंल, घरी मरायचं न्हाई. आता काय करायचं सांगा? कुत्रं घरात ठेवलं तर मेंढरं गेल्याचं कळतंय. आन् मेंढरं तर माघारी येत न्हाईत. मंग कुत्रंच गेलं पायजे. सरळ हाय का न्हाई? मीच दिपालीच्या बापाला म्हणलं, बाजाराच्या दिवशी जवळ्याला सोडून या, तिथं खाटकाच्या दुकानामागं उपाशी तर मरत न्हाई. मीच पोतं आणलं. मीच बोलावलं. कारभारी ये, म्हणलं की आलं, पोत्यात बसलं गपगार. मारायला लागलं न्हाई का ओढायला लागलं न्हाई.

त्या दिवसापासून मामा खुश. कारभारी रानात गेला, म्हणजे मेंढरं हायेत.

पण म्हाताऱ्या माणसाचं एक भागलं की दुसरं निघतंय. म्हणायला लागले, सांजच्याला मेंढरं आल्याचं ऐकू येत न्हाई. घंटी वाजत न्हाई. आन् जेवायचेच न्हाईत. आयुष्यभर मेंढरं वाडग्यात, कुडाच्या आत कोंडल्याबिगर भाकर तोडली न्हाई म्हणं. मंग मी काय केलं — हसू नका हं — पुढच्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटी मी काढून ठेवली होती, इकताना. पितळंची हाय, जुनी, ती कशाला द्यायची फुकटात. ती घ्यायची, दिस बुडायला वाडग्याच्या तोंडाशी जायचं आन् वाजवायची. चालत आल्यासारखी. पयले लांब, मंग जवळ. झालं! मधून मामाचा आवाज — आली गं भोरी, आली का चंद्री, लंगडी मागं राहिली का? एकेकीचं नाव. आन् मंग भाकर मागायचे. लेकरासारखं.

आमची शेजारीण मनकर्णा, तिला कळलं तर ती आली बघायला. ती लई नकला करणारी बाई. मी घंटी वाजवली की ती भिंतीला लागून बें करती, बारीक आवाजात, कोकरासारखी. दोघी पदर तोंडात कोंबून बसायचो इथं, चुलीपाशी. पोट दुखायचं हसून. एक दिवस मामा मधून म्हणले, ह्या कोकराला खोकला झालाय, त्याला येगळं बांधा. मनकर्णाला सर्दी होती हो! मी मेलेच त्या दिवशी हसून.

तुमी चहा घेत न्हाई. निवतो की.

न्हाई, रोज वाजवत न्हाई मी. रोज काहून वाजवू? माझ्या हातात हाय ते. परवा त्यांनी अंथरूण ओलं केलं, दुसऱ्या डाव, मी नुकतंच गोधडी धुऊन वाळत घातली होती. म्हणलं बरं, बघते. नाहीच वाजवली. घंटी न्हाई तर भाकरबी न्हाई. बसले इचारत — मेंढरं आली का, सुनबाई, मेंढरं आली का — मी गप. मंग सांगितलं, लांडगं पडलं म्हणं वाटंवर, कळप पांगलाय, प्रभू हुडकून राहिला. रातभर डोळा न्हाई. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी न्हाई घेतलं. सांजच्याला वाजवली मंग, लई येळ वाजवली, तर रडले. पण दादा, गोधडी ओली केली न्हाई पुन्हा. आवाज देऊन राहिले आता, येळंवर. काय वाईट केलं मी? लेकराला बागुलबुवा दाखवतो तसं हाय ते. तुमी अंथरूण धुवा मंग बोला.

असं तोंड करू नका. खोटं वाटतंय का? थांबा, ऐकाच तुमी. इथंच खुंटीला हाय. बघा, किती जड हाय — आता ह्या वाडग्यापाशी असं उभं राहायचं आन् — अशी. अशी. हळूहळू पुढं —

अरं. अरं, हे उठलं का? दादा, कुत्रं धरा की! कारभारी, बस. बस म्हणते ना! बघा आता, वाडग्याला फेरा घालून राहिलं. मी येडी, त्याच्यासमोर वाजवली — घंटी वाजली की फेरा घालायचं, मागं राहिलेलं आणायचं, तेच शिकवलंय त्याला — अहो शेळी बघा माझी, शेळी हाकलली वाडग्यात! कोंबड्याबी. कोंबड्या घेऊन चाललं येडं. आता ते तोंडाशी आडवं बसंल आन् — भुंकू नको, भुंकू नको रे —

भुंकलं.

गप बसा दादा. हलू नका. ...काय मामा? न्हाई, कुत्रं? दुसऱ्याचं हाय मामा. वाटंनं आलं कुणाचं तरी. हां? आज लवकर, व्हय, आज लवकर आली मेंढरं, दिस हाय अजून. ढग आलेत म्हणून आणली. ...काय? मधी कशाला आणू? लोकाचं कुत्रं, चावलं म्हणजे? कान काय बघता त्याचा?

दादा, ऐका. ते आता सोडणार न्हाईत. कान चाचपायचा म्हणून राहिले. ते काप बोटाला लागले की समदं उलगडतंय. ह्या देवळीत कातर हाय बघा, मेंढराची लोकर कातरायची. धार हाय अजून. तुमी नुसते पाय धरा त्याचे. कडंचं तेवढं काढायचं, जिथवर खूण हाय तिथवर, मंग गोल कान हातात देते त्यांच्या, म्हणते बघा, हाय का तुमचा कारभारी? हळद हाय माझ्याकडं, रगत लगेच थांबतंय. तुमी मेंढ्याचे कान न्हाई का कापत? तसंच. धरा. धरा की. तुमी उठले काहून?

...काय म्हणले मामा? दादा, ऐकलं का तुमी, काय म्हणले ते?

"मेंढरं गेल्याचं मला ठाव हाय, सुनबाई. वास येत न्हाई अंगणात. कारभाऱ्याला तेवढं मधी सोड."

कवापासून? मामा, कवापासून ठाव हाय? ...पयल्या डाव घंटी वाजली तवापासून. मंग भोरी, चंद्री, कोकराला खोकला — हे काय होतं मंग? ...काय? मोठ्यानं बोला. ..."घंटी वाजली की तू भाकर देती, म्हणून."

बघितलं दादा? बघितलं म्हाताऱ्याचं? मी मेली चुलीवर भाकर टाकून पळत यायची, उन्हातान्हाची, वाडग्याशी उभी राहून हात दुखूस्तर घंटी हालवायची, आन् हे मधी पडून मला खेळवायचे! आमी त्यांना हसायचो आन् हे — मनकर्णाला कळलं तर गावभर करंल ती. आता उद्यापासून कशाचं भ्या दाखवायचं मी ह्यांना? सांगा की. काय राहिलं माझ्या हातात?

हे राहिलं. थांबा तुमी. ते पोतं द्या इकडं. द्या म्हणते! मधी-बिधी कोण जात न्हाई. दाराला कडी घालते पयले — ओरडू द्या, ओरडू द्या त्यांना, दमतात मंग. पोत्याचं तोंड असं धरा. कारभारी. ये. ये माझ्या सोन्या, ये. बघा, आलं. बघा कसं आपल्या पायानं गेलं मधी, डोकं बाहेर काढून बसलं. त्या दिवशीबी असंच. तुमच्याकडं मेंढरं हायेत ना? मंग ठेवा की तुमी. काम करंल तुमचं, कानाला तुमची खूण मारा. आणून सोडायचं न्हाई पुन्हा, सांगून ठेवते — पुन्हा आणलं तर कातर तिथंच हाय, आन् मंग कानावर भागायचं न्हाई.

आता बोलू नका काही. इतका येळ गप होतात तेच बराबर होतं. गाडी वळवा, मागच्या बोळीनं जा, पुढून नका जाऊ. निघा, दिस बुडाया आला.

आन् चहा? तसाच ठेवला व्हय? राहू द्या, फेकू नका. निवलेला चालतो म्हाताऱ्याला.