उजवी रांग

दादा : अठ्ठ्याहत्तर किलो. उतरव त्याला, नाहीतर काट्यावरच शेण टाकेल.

धाकटी : दादा, हे नक्की उजव्या रांगेतलं?

दादा : कानात लाल बिल्ला आहे. म्हणजे उजवी रांग, साधं दूध. तुझी पूड नाही.

धाकटी : मग डावीकडच्यांइतकंच कसं भरतंय? त्या सहांना तीन महिने दुधातून अर्काची पूड दिली. ओवा, लसूण, मेथी. फरक दिसायलाच हवा! पुढच्या आठवड्यात प्रबंध द्यायचाय. सर मला उभी सोलतील.

आई : बाराच्या बारा वासरं गुटगुटीत आहेत आणि ही रडतेय!

धाकटी : तेच तर रडणं आहे. उजवीकडची जरा मरतुकडी निघाली असती, तर मला पदवी मिळाली असती.

आई : शुभ बोल नाऱ्या!

धाकटी : थांबा. ह्याच्या तोंडाला ओव्याचा वास येतोय.

दादा : माझ्याकडे बघू नकोस. मी गोठा झाडतो. दूध पाजते आई.

(आई बादली घासायला घेते. ती मघाशीच घासून झालेली असते.)

धाकटी : आई.

आई : काय आई-आई? समोरासमोर बांधलीस. डावीकडच्या बादलीत पूड पडली की ही सहा माना लांब करून बघत बसायची. माझ्याच्याने पंक्तिप्रपंच होत नाही बाई. तुझ्या एका चमच्याचे दोन अर्धे केले.

धाकटी : पहिल्या दिवसापासून?

आई : दुसऱ्या. पहिल्या दिवशी मन घट्ट केलं होतं.

धाकटी : तीन महिने पाण्यात! अगं, कुणाला तरी न देता ठेवावंच लागतं. त्याशिवाय दिल्याचं काय झालं ते कळत नाही.

आई : मला सांगतेस? एकदा केलंय मी ते. तुम्ही दोघं, आणि शिकवणं एकाचंच जमणार होतं. तुला धाडलं, ह्याच्या हाती खराटा दिला. तू निघालीस तेव्हा हा असाच मान लांब करून तुझ्या बॅगेकडे बघत होता. पुन्हा नाही जमायचं मला.

दादा : झालं! आता मलाही चढवा काट्यावर. पूड न खाता ब्याण्णव भरतो. घाल प्रबंधात.

धाकटी : दादा, मला कधी बोलला नाहीस.

दादा : नाक पूस आधी, वासरं हसतायत. सरांकडे मुदत माग. पुढच्या महिन्यात दहा गाई व्यायच्या आहेत. पुन्हा मांडू.

धाकटी : आणि आई पुन्हा चमचे वाटेल.

दादा : आईला दूध काढायला बसव. डावीकडे तू पाज.

धाकटी : आणि उजवीकडे?

दादा : मी बसतो त्यांच्यापाशी. त्या रांगेतलं मला कळतं.