गाडीत सगळे आहेत

"हॅलो? … हो, मीच. … नाही, अजून नाही. … अगं ऐक ना, आधी रडू नकोस. तू काय म्हणतेस तेच कळत नाहीये."

सोफेवाला एका कानाला बायकोचा फोन लावून, दुसऱ्या कानात बोट घालून बागेच्या फाटकाशी उभा होता. आत हिवाळ्याची रोषणाई ऐन भरात आलेली. दिव्यांच्या कमानी, दिव्यांची हरणं, फांदीफांदीला लुकलुकणाऱ्या माळा. सगळं गाव लेकराबाळांसकट लोटलं होतं आणि तेवढ्या गर्दीत ह्याला एक म्हातारा हुडकायचा होता. म्हातारा म्हणजे त्याचा सासरा, सगळ्यांचे आबा. घरी पोचून गाडीचं मागचं दार उघडलं तर पोरं उतरली, मेव्हणी उतरली, बायको उतरली, आणि आबा काही उतरेनात. तसाच उलटा फिरून आला होता बिचारा.

"फाटकाशी बघितलं. … खाण्याच्या गाड्यांपाशी पण. … संडासाचं एकेक दार वाजवलं, शिव्या खाल्ल्या. … अगं, मोजली होती मी माणसं. मोजल्याशिवाय कधी गाडी हलवलीय मी?"

ते मात्र खरं. गाडी सोफे पोचवायची, मागं खिडकी नाही, आत काळोख. घरची मंडळी फोमच्या तुकड्यांवर बसायची आणि हा पुढून हाक द्यायचा. मग ज्यानं त्यानं आपला नंबर बोलायचा. आबा ठार बहिरे, म्हणून त्यांचा नंबर धाकटी लेक बोलायची. आधी स्वतःचा, मग आवाज जाडा करून आबांचा. आजही दोन्ही नंबर बोलली, पेंगता पेंगता, सवयीनं. ह्यानं गिअर टाकला.

"तिला काही बोलू नकोस हं. … मग रडतेय का ती? … जवळ घे तिला. … अगं, तिची काय चूक? ती जाडा आवाज काढायची तेव्हा आपणच हसायचो ना."

बायकोनं विचारलं, भोंग्यावरून पुकारलं का. पुकारलं होतं की. भोंग्याच्या तंबूतला माणूस भला होता, ह्याला बसवून पाणी पाजलं त्यानं. सोफेवाल्यानं त्याला सांगितलं की ज्यांना बोलावतोय त्यांना ऐकूच येत नाही. तर तो म्हणाला, काळजी करू नका, आणखी मोठ्यानं पुकारतो.

"कानाचं मशीन घरीच असेल, उशाशी बघ. … आणि त्यांचा फोन तुझ्या पर्समध्ये. … नाही गं, तुला बोल लावत नाहीये. नुसतं सांगतोय."

त्यावर ती जे बोलली त्यानं तो चालता चालता थबकला.

"माझे वडील असते तर? … असं बोलतेस तू? … माझे वडील असते तरी… बरं. बोल. बोलून घे."

ती बोलत राहिली, हा ऐकत गर्दीतून वाट काढत राहिला. आबांसारखा काळा कोट दिसला की धावायचा, खांद्यावर हात ठेवायचा, परका चेहरा मागं वळायचा. थंडी अशी की श्वासाची वाफ निघत होती.

"काय? … तळं? … नाही, तिकडे नाही गेलो. … कठडा आहे गं त्याला. … आहे, मी बघितलाय. … जातोय. जातोय म्हटलं ना."

तळ्याकडची वाट मोठ्या पाळण्याच्या मागून जाते. तिथं दिवे कमी. पाण्यात काय दिसेल ह्या भीतीनं तो मान खाली घालूनच चालला होता, म्हणून आधी त्याला फक्त बूट दिसले.

"थांब. … अगं थांब, बोलू नकोस. … सापडले. … सापडले गं. … बाकावर बसलेत. … हो, ओठ निळे पडलेत, पण शुद्धीत आहेत."

आबांनी वर बघितलं आणि विचारलं, पोरं उतरली का पाळण्यातून?

तेव्हा त्याला आठवलं. आबांचे पाय दुखत होते, म्हणून त्यानंच त्यांना इथं बसवलं होतं. कानाशी ओरडून सांगितलं होतं, हलू नका, मी पोरांना घेऊन आलोच. पोरं पलीकडच्या अंगानं उतरली, भूक भूक करायला लागली, सगळा घोळका गाडीकडे वळला आणि हाही त्यांच्यामागे.

शेजारी रखवालदार उभा होता. तो म्हणाला, कितीदा म्हटलं आत चौकीत हीटरपाशी चला. तर म्हणतात, जावयानं हलू नका म्हणून सांगितलंय.

"मीच गं. … मीच बसवलं होतं इथं. लेक नाही, मी विसरलो. … नाही, रागावले नाहीत. … त्यांना माहीतच नाही. आपण घरी गेलो होतो हे ठाऊकच नाही त्यांना. … मफलर गळ्याशी? … नाही, गळा उघडाच आहे. मफलर बाकावर टाकलाय, बाजूला. … जागा धरलीय. … माझ्यासाठी."

आबांनी मफलर उचलला, झटकला आणि बाकावर थाप मारली.

"बस म्हणतायत. … हो, आणतो लगेच. … बसू दे गं जरा मला. … ठेवतो."