थंड काटा

१९५५च्या उन्हाळ्यात सौंदड स्टेशनवर माझ्याच बाकावर दोन ओळखीचे शेतकरी भेटले.

"डोमनलालभाऊ, घरी मोटार असून रेल्वेनं काऊन चालले?"

"इंजन जळलं ना, चैतराम. साळ्याच्या लग्नाले जाऊन राहिलो होतो."

"गरम झालेलं समजलं नाही?"

"इंजनाच्या गरमीचा काटा थंडाच दाखवे. बायको म्हणे, वाफ निघून राहिली, थांबवा. मी म्हटलं, धुकं होय."

"मे महिन्यात?"

"काट्यावर भरोसा होता."

"काटा बिघडला, असं नाही वाटलं?"

"बायकोच बिघडली, असं वाटलं."

"मंग?"

"ती उतरली, पायी गेली, लग्नाले पोचली. मी काट्यावर टिचक्या मारत बसलो."

"अन् आता?"

"तिले आणाले चाललो. येते म्हणे, पण तिकिटं तीच काढणार."